नवऱ्याचं विसरणं, दिरांनी आणलेली बाटली आणि 'डॉक्टरांना सांगू नका'

(पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत. १६ वर्षांपासून एचआयव्ही आहे, एआरटीच्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या कधी चुकवत नाहीत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, कित्येक वर्षं 'आढळला नाही' असाच येतो. पण गेलं वर्षभर ते विसरायला लागलेत. तेच तेच पुन्हा विचारतात, हिशेब करताना मध्येच अडकतात, बोलताना शब्द सापडत नाही. गप्प गप्प असतात, झोपही नीट लागत नाही. माझ्या दिरांनी वाचलं की एचआयव्हीचा मेंदूवर जो परिणाम होतो त्यावर गांज्यातल्या द्रव्यांचा उपयोग होतो, आणि त्यांनी ऑनलाइन मागवून सीबीडी (गांज्यातलंच एक द्रव्य) तेलाची बाटली आणून दिली. रोज जिभेखाली थेंब टाकायचे, नैसर्गिक आहे, काही होत नाही, फक्त डॉक्टरांना सांगू नका, ओरडतील, असं म्हणाले. मिस्टर लगेच तयार झाले. बाटली पंधरा दिवस कपाटात आहे, मी उघडू दिलेली नाही. माझा हा अडाणीपणा आहे का? माझ्या भीतीमुळे त्यांचा मेंदू वाचवायची संधी तर जाणार नाही ना?

ताई, बाटली अजून कपाटातच राहू द्या. एवढं आधी सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबलचक आहे आणि तुम्ही 'हो की नाही' शोधत खाली खाली जाल. अडाणीपणा वगैरे काही नाही. पण तुमचे दीर बरळतायत असंही नाही बरं का, त्यांनी जे वाचलं त्याला खरंच आधार आहे, फक्त तो आधार आणि कपाटातली बाटली यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. त्याच्याकडे येतेच. आधी दुसरंच विचारायचंय.

हे विसरणं एचआयव्हीमुळेच आहे, असं कोणी ठरवलं?

तुमच्या पत्रात कुठल्याही तपासणीचा उल्लेख नाही. म्हणजे मिस्टर विसरायला लागले, घरात एचआयव्ही आहेच, दोन्ही जोडलं आणि निदान झालं. असं जवळपास सगळ्याच घरांत होतं. समुपदेशक म्हणून इतकी वर्षं एचआयव्हीबरोबर जगणाऱ्या लोकांशी बोलतेय, गुडघा दुखला तरी 'त्याच्यामुळेच असेल ना' हाच पहिला प्रश्न येतो.

व्हायरस मेंदूत जातो हे खरं आहे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लपून मेंदूत शिरतो आणि तिथल्या राखणदार पेशींत, म्हणजे मायक्रोग्लियामध्ये, मुक्काम ठोकतो. आपण ज्यांनी विचार करतो त्या न्यूरॉन पेशींना तो सहसा थेट धरत नाही, पण शेजारी कायम भांडण चालू असल्यावर घरात बसलेल्यालाही त्रास होतोच की, तसं होतं. व्हायरसची जीपी१२० आणि टॅट ही प्रोटीन्स, चिडलेल्या मायक्रोग्लियांनी सोडलेली दाह वाढवणारी रसायनं, आणि त्यात ग्लुटामेट, म्हणजे न्यूरॉन एकमेकांना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, जास्त झाला की न्यूरॉनच्या जोडण्या खराब होऊ लागतात. एआरटीने व्हायरस दाबला जातो, दाह खूप कमी होतो, पण काही जणांत तो मंद आचेवर चालू राहतो.

आता आकड्याचं बघू, कारण दिरांनी 'निम्म्या लोकांचा मेंदू बिघडतो' असलं काहीतरी वाचलं असणार, मला खात्री आहे. ते बहुतेक २०१० च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासावरून येतं. त्यात १५५५ लोक तपासले होते आणि साधारण निम्मे 'बौद्धिक क्षमतेत बिघाड' या सदरात बसले. घाबरायलाच होतं. पण आत बघितलं तर साधारण एक तृतीयांश लोकांना रोजच्या जगण्यात काही अडचणच नव्हती, फक्त टेस्टमध्ये मार्क कमी पडले होते. थोडी अडचण असलेले १२ टक्के. आणि खरा डिमेन्शिया, ज्याच्या भीतीने तुम्ही रात्र रात्र जागताय, तो फक्त २ टक्के. त्यावरही पुढे तज्ज्ञांनी बोट ठेवलं की हे निकष इतके सैल आहेत की एचआयव्ही नसलेल्या ठणठणीत माणसांपैकीही पाचातला एखादा त्यात अडकेल. २०२३ मध्ये तर एका आंतरराष्ट्रीय गटाने स्पष्टच सुचवलं की टेस्टमध्ये मार्क कमी म्हणजे एचआयव्हीने मेंदूला इजा झाली असं धरू नका, आधी इतर सगळी कारणं तपासा. म्हणजे मी तुम्हाला जे सांगतेय तेच.

आणि इतर कारणं किती आहेत बघा. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात की झोप नीट नाही आणि गप्प असतात, मी मात्र तिथेच थांबले. वर्षभर झोप नाही तर कोणाला शब्द सापडतील? आणि डिप्रेशनमध्ये माणूस रडतोच असं नाही, पन्नाशीतला पुरुष बऱ्याचदा नुसता शांत होतो, लक्ष लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं विसरतोय. शिवाय थायरॉइड, बी१२, साखर, बीपी, दारू, हिपॅटायटिस सी, सिफिलिस (हे ऐकून दचकू नका, एचआयव्ही असलेल्यांमध्ये ही तपासणी नेहमीच करतात). मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही. कमी ऐकू येणं तर कोणाच्या लक्षातच येत नाही, माणूस पुन्हा विचारतो आणि आपण म्हणतो विसरला.

गोळ्यांचीही यादी काढा. एआरटीमध्ये एफाविरेन्झ आहे का बघा, पूर्वी सुरू केलेल्या अनेकांना तेच होतं, त्याने विचित्र स्वप्नं पडतात, गरगरतं, मूड जातो. एआरटीतल्याच डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते. आणि सर्दीच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या ज्या गोळ्या माणूस स्वतःच घेत राहतो आणि 'ते काय औषध आहे का' म्हणून सांगत नाही, त्यातल्या काही डोकं चक्क मंद करतात. पण ताई, हे वाचून एआरटीची कुठलीही गोळी घरच्या घरी बंद करायची नाही, बदलायची असेल तर डॉक्टर बदलून देतात, पर्याय भरपूर आहेत आता.

अजून एक गोष्ट असते, कमी लोकांत, पण असते. रक्तात व्हायरस 'आढळला नाही' येतो आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र तो वाढत असतो. त्यासाठी एमआरआय आणि पाठीतलं पाणी काढून तपासणी लागते, आणि सापडलं तर एआरटी बदलून फरक पडू शकतो. आता विचार करा, समजा असंच काही असेल आणि आपण सहा महिने थेंब टाकत बसलो तर? संधी जाईल म्हणून घाबरलात ना, ती अशी जाते.

बरं, आता गांज्याकडे. दिरांवर अन्याय नको.

आपल्या शरीरात गांज्यातल्या द्रव्यांसारखी द्रव्यं मुळातच तयार होतात. त्यातलं पहिलं १९९२ मध्ये सापडलं आणि शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या 'आनंद' वरून. (हे कळल्यावर तेल विकणारे छाती फुगवून फिरतात, पण नाव संस्कृत असल्याने औषध लागू पडत नाही.) ही द्रव्यं दोन मुख्य जागी जाऊन बसतात, सीबी१ आणि सीबी२ म्हणतात त्या रिसेप्टरना. सीबी१ मेंदूतल्या न्यूरॉनवर भरपूर, नशा चढते ती याच्यामुळे. सीबी२ जास्त करून रोगप्रतिकारक पेशींवर, आणि मेंदूत दाह असला की मायक्रोग्लियावर त्याचं प्रमाण वाढतं. इथे संशोधकांचे डोळे चमकले. सीबी२ चेतवला तर मायक्रोग्लिया शांत होतात, आणि सीबी१ मुळे जास्तीचा ग्लुटामेट सुटणं कमी होतं, म्हणजे वर जे भांडण सांगितलं त्यात दोन्हीकडून पाणी टाकल्यासारखं. नशा न देता फक्त सीबी२ वर काम करणारं औषध किंवा शरीरातलं आनंदामाइड लवकर तुटू न देणारं औषध, अशा कल्पना त्यातूनच आल्या. प्रयोगशाळेतल्या पेशींत, उंदरांत याचे चांगले निकाल आलेत. माकडांना त्यांच्यातला एचआयव्हीसारखा व्हायरस देऊन केलेल्या २०११ च्या प्रयोगात टीएचसी, म्हणजे गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य, दिलेले नर जास्त जगले. पण टीएचसी लागण करायच्या आधीपासून चालू होतं, १६ वर्षांनंतर नव्हे. आणि नंतर माद्यांवर तोच प्रयोग केला तर तसा फायदा दिसला नाही.

माणसांत काय? एचआयव्ही असलेल्या आणि गांजा ओढणाऱ्या लोकांच्या रक्तात दाहाच्या काही खुणा कमी दिसल्या, २०१८ मध्ये असे दोन अभ्यास आले. २०२० च्या एका अभ्यासात गांजा घेतलेल्यांत बौद्धिक बिघाडाचं प्रमाण कमी दिसलं. दिरांनी बहुधा हेच वाचलं. पण दुसरीकडे असेही अभ्यास आहेत ज्यांत जास्त ओढणाऱ्यांची स्मरणशक्ती उलट वाईट निघाली. हे सगळे नुसते निरीक्षणाचे अभ्यास, म्हणजे लोक आपापलं जे करत होते ते करू दिलं आणि मोजलं. ज्याची तब्येत बरी, मित्रमंडळी आहेत, तोच ओढत असेल तर? मग मेंदू गांज्याने बरा राहिला की मुळात बराच होता, कसं सांगणार. दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, एकाला औषध, एकाला नुसतं तेल, आणि वर्षभराने स्मरणशक्ती मोजायची, अशा मोठ्या ट्रायलमधून फायदा सिद्ध झालेला नाही.

आणि मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. माणसांवरचे हे अभ्यास ज्या गोष्टीचे आहेत तो मुख्यतः ओढलेला गांजा, टीएचसी असलेला. कपाटातल्या बाटलीवर लिहिलंय सीबीडी. वेगळं द्रव्य! सीबीडी तर सीबी१, सीबी२ वर नीट बसतही नाही, त्याचं काम इतर वाटांनी चालतं. म्हणजे पुरावा एकाचा दाखवायचा आणि बाटली दुसऱ्याची विकायची. बरं, टीएचसी घ्यावं म्हटलं तर त्याने ताज्या आठवणी साठवणंच बिघडतं, मेंदूतला आठवणींचा जो भाग आहे तिथे सीबी१ खच्चून भरलेत. विसरण्यावर तेच घ्यायचं म्हणजे जरा विचार करावा लागेल ना.

याआधीही असं झालंय. मिनोसायक्लिन नावाचं साधं अँटिबायोटिक, माकडांत त्याने मेंदूतला दाह छान कमी केला, सगळ्यांना आशा वाटली, मग माणसांत ट्रायल झाली आणि स्मरणशक्तीत काही फरक नाही. मेमँटिन, सेलेजिलिन या दुसऱ्या औषधांचीही तीच कथा. म्हणून उंदीर-माकडांचे निकाल वाचले की मी आनंदाने वाचते पण कपाट उघडत नाही.

गांज्यातल्या द्रव्यांची रीतसर औषधं नाहीतच असं नाही. ड्रोनाबिनॉल, म्हणजे कारखान्यात बनवलेलं टीएचसी, याला अमेरिकेत १९९२ मध्ये एड्समध्ये भूक जाऊन वजन उतरतं त्यासाठी मान्यता मिळाली. एचआयव्हीमुळे पायांच्या नसा जळजळतात त्यावर २००७ च्या एका छोट्या ट्रायलमध्ये गांजा ओढणाऱ्यांचं दुखणं साधारण ३४ टक्के कमी झालं, नकली दिलेल्यांचं १७ टक्के. सीबीडीला २०१८ मध्ये मान्यता मिळाली ती लहान वयात सुरू होणाऱ्या दोन दुर्मिळ प्रकारच्या फिट्ससाठी. भूक, नसांचं दुखणं, फिट्स. यात स्मरणशक्ती कुठेय? आणि फिट्ससाठी सीबीडीचा डोस किलोमागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम असतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० ते १२०० मिलिग्रॅम, जिभेखालच्या चार थेंबांत त्याच्या आसपासही काही नसतं. जास्त घ्यावं म्हटलं तर त्या डोसला लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणून डॉक्टर रक्त तपासत राहतात.

'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य तर बंदच करायला हवं. सीबीडी आणि टीएचसी लिव्हरमध्ये ज्या एन्झाइम्सनी तुटतात त्यातलंच एक एआरटीतल्या रिटोनाविर आणि कोबिसिस्टॅट या गोळ्या मुद्दाम बंद पाडतात, तेच त्यांचं काम असतं. मग ही द्रव्यं अंगात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहू शकतात. सीबीडी स्वतःही काही फिट्सच्या, झोपेच्या औषधांची पातळी वर नेतं. मिस्टरांच्या गोळ्यांत काय आहे त्यावर सगळं अवलंबून. आणि बाटलीवर लिहिलंय तेच आत आहे कशावरून? २०१७ मध्ये ऑनलाइन मिळणारी सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली होती, त्यात लेबलप्रमाणे माल निघाला फक्त ३१ टक्क्यांत, आणि २१ टक्क्यांत टीएचसी सापडलं. कायदाही प्रत्येक देशात वेगळा असतो, ऑनलाइन घरपोच आलं म्हणजे ते बाळगणं कायदेशीर असेलच असं नाही, ते दिरांनाच बघायला सांगा, त्यांनी मागवलंय. आणि कोणी म्हणालं की तेल सोडा, सरळ ओढा, तर प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना बुरशी लागलेल्या गांज्यातून फुफ्फुसाचं इन्फेक्शन झालेलं आहे, हेही सांगून ठेवते.

आता 'डॉक्टरांना सांगू नका'. ताई, या सगळ्या प्रकरणात मला थेंबांपेक्षा याची भीती जास्त वाटते. उद्या लिव्हरचे रिपोर्ट बिघडले तर डॉक्टर एआरटीवर संशय घेतील आणि चांगली चाललेली गोळी बदलतील, कारण त्यांना दुसरं काही माहीतच नसेल. ओरडतील म्हणता, ओरडू देत. पण न सुरू केलेल्या गोष्टीवरून ओरडायला काही नसतं, आणि तुम्ही अजून सुरू केलेलं नाही ही तुमची केवढी तरी जमेची बाजू आहे. सरळ म्हणायचं, 'डॉक्टर, वर्षभर यांचं विसरणं वाढलंय, झोप नाही. घरात हे सीबीडी आलंय, अजून दिलेलं नाही. यांच्या गोळ्यांबरोबर चालतं का, आणि विसरण्याचं कारण शोधायला काय काय तपासायचं?' बाटलीच्या लेबलचा फोटो दाखवा. ज्या वाचकांकडे कोणी आधीच सुरू केलंय त्यांनीही हेच करा, कधीपासून, किती, कशासोबत ते सांगा, आणि डोकं जड वाटत असेल तर गाडी चालवू नका.

जायच्या आधी दोन आठवडे वहीत लिहा, पण मिस्टरांना सांगून. डॉक्टर साधारण तीन गोष्टी विचारतात, महत्त्वाचे प्रसंग किंवा भेटी वारंवार विसरतात का, विचार करायला, ठरवायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का, आणि लक्ष लावायला त्रास होतो का. त्याखाली खरे प्रसंग लिहा, तारखेसकट. 'हल्ली फार विसरतात' याने काही कळत नाही, 'मंगळवारी तोच हिशेब तीनदा केला' याने कळतं. झोप किती झाली तेही लिहा. त्यावरून डॉक्टर छोटी स्मरण-चाचणी घेतील, रक्त तपासतील, वाटलं तर न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतील.

एक मात्र वाट न बघता करायचं. विसरणं अचानक एक-दोन दिवसांत वाढलं, फिट आली, एक हात-पाय लुळा पडला, नजर गेली, ताप आणि जबर डोकेदुखी झाली, माणूस गोंधळून गेला, तर वही वगैरे बाजूला, त्याच दिवशी हॉस्पिटल.

समजा सगळं तपासून झालं, दुसरं कारण सापडलं नाही आणि डॉक्टरही म्हणाले की एचआयव्हीचाच थोडा परिणाम दिसतो. तरी हातपाय गाळायचे नाहीत. अशा लोकांत बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतं. एआरटी तशीच नियमित, बीपी-साखर आटोक्यात, रोज दम लागेल असं चालणं, झोपेवर उपचार, सिगारेट बंद, गोळ्यांना वारांचा डबा आणि मोबाइलवर अलार्म. कंटाळवाणी यादी आहे, मान्य आहे, बाटलीसारखी चमत्कारिक नाही. गांज्यातल्या द्रव्यांवरच त्यांचा विश्वास असेल तर कुठे नोंदणी झालेली ट्रायल चालू आहे का हे डॉक्टरांना विचारा, तिथे डोस, रिपोर्ट, सगळ्यावर कोणाची तरी नजर असते. आणि तपासण्या स्वच्छ आल्या, गोळ्यांशी भांडण नाही असं डॉक्टर म्हणाले, कायद्यात बसतं, आणि तरीही मिस्टरांना झोपेसाठी वगैरे करून बघायचंच असेल, तर मी आडवी पडणार नाही. फक्त स्मरणशक्तीचं औषध म्हणून घेऊ नका, कारण मग सहा महिन्यांनी फरक पडला नाही की आता काहीच उरलं नाही असं त्यांना वाटेल.

मिस्टरांवरून आठवलं. इतक्या मोठ्या पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे, लगेच तयार झाले. ज्या माणसाने १६ वर्षं एक गोळी चुकवली नाही तो न विचारता, न तपासता लगेच कशाला तयार होतो? मला वाटतं तुमच्याआधी त्यांना कळलंय की काहीतरी निसटतंय, आणि ते तुमच्याहून जास्त घाबरलेत. विचारा ना त्यांना, थेंबांबद्दल नका विचारू, 'तुम्हाला काय होतंय असं वाटतं?' एवढंच. आणि दिवसभर परीक्षा घेणं बंद करा, काल कोण आलं होतं, मी काय सांगितलं होतं, हे सगळ्याच बायका करतात काळजीपोटी, पण चुकण्याच्या भीतीनेच माणूस बोलणं कमी करतो, आणि तो गप्प झाला की आपण अजून घाबरतो.

दिरांवर चिडू नका. भावासाठी धडपड करणारा माणूस आहे, त्याला दुसरं काम द्या. घरातली सगळी औषधं, सर्दीच्या गोळीपासून, एका कागदावर लिहून काढायची, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावायचे, आणि अपॉइंटमेंटला भावाबरोबर आत जायचं. डॉक्टरांसमोर बाटली पिशवीतून बाहेर काढायचं कामही त्यांनाच द्या, त्यांनीच आणलीय. काय म्हणाले डॉक्टर ते मला नक्की कळवा.